धुके पडते की पाडले जाते?

'फॉग' या इंग्रजी शब्दाला पर्याय कोणते, असे कोणत्याही पर्यायकोशाला विचारले तर उत्तर तत्काळ मिळते : मिस्ट, हेज, स्मॉग, मर्क, ब्रूम, आणि लाक्षणिक अर्थांच्या रांगेत गोंधळ, संभ्रम, अस्पष्टता, बुद्धिमांद्य. यादी म्हणून ती निर्दोष आहे. आमचा आक्षेप ती जेथे जाऊन बसली आहे त्या जागेविषयी आहे. इंग्रजी साहित्याच्या आपल्याकडील अध्यापनात, त्या अध्यापनावर पोसलेल्या समीक्षेत आणि अनुवादाच्या चर्चेत या यादीने विश्लेषणाची जागा बळकावली आहे. 'धुके हे संभ्रमाचे प्रतीक आहे' हे एकच वाक्य डिकन्स, कॉनरॅड आणि एलियट या तिघांनाही सारख्याच निश्चिंतपणे चिकटवले जाते. प्रस्तुत लेखकाने कित्येक वर्षे पदव्युत्तर परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. 'ब्लीक हाऊस'वरील प्रश्नाच्या उत्तरात आलेल्या या वाक्याला त्याने स्वतः गुण दिलेले आहेत. तेव्हा पुढील विवेचनातील कठोर शब्द काही अंशी त्याच्याकडेही वळलेले आहेत, असे वाचकाने समजावे.

योगायोग पाहण्यासारखा आहे. पीटर मार्क रॉजे याचा पर्यायकोश १८५२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या मार्चपासून, त्याच लंडनमध्ये, 'ब्लीक हाऊस' मासिक भागांनी प्रसिद्ध होऊ लागली. एकाच शहराने एकाच वर्षी शब्दांच्या परस्परविनिमयाचे महाभांडार निर्माण केले आणि एका शब्दाला बाजूला काढून, त्याचा विनिमय अशक्य करून टाकणारे गद्यही निर्माण केले. पैकी आपण कोशाचे शिष्य झालो. रॉजेला दोष देण्यात अर्थ नाही. तो वैद्यक शिकलेला, रॉयल सोसायटीचा चिटणीस राहिलेला वर्गीकरणप्रेमी गृहस्थ होता, आणि अडलेल्या लेखकाला नेमका शब्द सापडावा एवढाच त्याचा हेतू होता. शब्द एकमेकांजवळ ठेवावेत ते निवड करता यावी म्हणून, अदलाबदल करता यावी म्हणून नव्हे. ही साधी गोष्ट त्याच्या वापरकर्त्यांनी उलटी करून घेतली.

संस्कृत काव्यशास्त्र ज्यांनी थोडेफार वाचले आहे, त्यांना तरी ही चूक क्षम्य नाही. कुंतकाने 'वक्रोक्तिजीविता'त पर्यायवक्रता नावाचा एक स्वतंत्र प्रकारच मानला आहे. एकाच वस्तूची अनेक नावे उपलब्ध असताना कवीने त्यांतले हेच का घेतले, या प्रश्नात काव्य असते, हा त्याचा सिद्धान्त. 'कुमारसंभवा'त शिवाचा उल्लेख 'कपाली' असा येतो. तेथे शिवाची इतर डझनभर नावे छंदात बसली असती तरी अर्थात बसली नसती, हे त्याने दाखवून दिले आहे. मम्मटाने श्लेषाचा विचार करताना शब्द बदलून पाहण्याची कसोटी वापरली आहे : शब्द बदलल्यावर सौंदर्य टिकते की नाहीसे होते? परिवृत्तिसह की परिवृत्त्यसह? आपल्या हाताशी इतकी तीक्ष्ण हत्यारे असताना 'धुके म्हणजे संभ्रम' या बोथट सूत्रावर आपण समाधान मानतो, याचे आश्चर्य वाटते.

कसोटी लावून पाहू. कीट्सची शरदऋतूवरील १८१९ची कविता 'मिस्ट'ने उघडते. तेथील 'मिस्ट' फळांच्या पिकण्याशी, वेलींच्या ओथंबण्याशी जोडलेली आहे. ती ओलावा आहे, पोषण आहे. 'मिस्ट' हा जुना शब्द, प्राचीन इंग्रजीपासूनचा. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत 'मिह्' आणि 'मेघ' यांच्याशी जोडतात. म्हणजे ज्या शब्दाने आपल्याकडे आषाढातला ढग दाखवला त्याचाच हा दूरचा सोयरा. त्या ठिकाणी 'फॉग' घालून पाहावे. वस्तू तीच, जलबिंदूंचा समूह तोच; हवामानशास्त्राच्या दृष्टीने फरक फक्त दृश्यतेचा, एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले तर 'फॉग', त्यापलीकडे दिसत असेल तर 'मिस्ट'. परंतु कवितेतली फळे त्या क्षणी सडू लागतात. 'फॉग' इंग्रजीत मागाहून आला. हवेच्या अर्थाने तो सोळाव्या शतकात दिसू लागतो. त्याच्याआधी त्याच रूपाचा एक शब्द माजलेल्या, राठ गवतासाठी होता आणि 'फॉगी' म्हणजे दलदलीचे, जड, फुगलेले. या दोहोंचा संबंध निर्विवाद नाही. पण शब्दाच्या अंगी पहिल्यापासून एक जडपणा, एक घुसमट आहे, हे इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानाला कळते. 'हेज' तर याहून निराळी. शास्त्राच्या परिभाषेत ती कोरडी असते, धुळीची आणि सूक्ष्म कणांची.

येथपर्यंत कोशवाद्यांचा आणि आमचा वाद अर्थच्छटांपुरता आहे असे वाटेल. तो तेवढाच असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

प्रश्न कर्त्याचा आहे. हवामानाच्या क्रियापदांना कर्ता नसतो. पाऊस पडतो, वारा सुटतो, धुके पडते. जेव्हा आपण एखाद्या मानवी व्यवहारासाठी हवामानाचा शब्द वापरतो, तेव्हा त्या व्यवहारातून कर्ता अलगद नाहीसा होतो. 'कागदपत्रांवर धुके पसरले' असे म्हटले की कागदपत्रे लपवणारा माणूस वाक्याबाहेर जातो. आणि इंग्रजी 'फॉग'च्या बाबतीत तर हा अन्याय दुहेरी आहे; कारण लंडनचे धुके निसर्गाने एकट्याने कधी पाडलेच नव्हते. जॉन एव्हलिन याने १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाला उद्देशून 'फ्यूमिफ्युजियम' ही पुस्तिका लिहिली ती लंडनवर साचणाऱ्या कोळशाच्या धुराविरुद्धच. धुके टेम्सचे होते, पण त्याचा पिवळा रंग, त्याची चव आणि त्याची मारकता घराघरांतल्या शेगड्यांची आणि कारखान्यांच्या धुराड्यांची होती. म्हणजे ज्याला कर्ता होता अशा वस्तूला हवामानाचे नाव मिळाले, आणि मग ते नाव कर्ता पुसण्यासाठी इतरत्र वापरले गेले. समीक्षकाने 'धुके म्हणजे संभ्रम' असे लिहिले की पुसण्याचे उरलेसुरले काम पूर्ण होते.

डिकन्सकडे परत जावे. 'ब्लीक हाऊस'चा दुसरा परिच्छेद सर्वांना पाठ असतो. तेथे धुके नदीवर आहे, दलदलीत आहे, जहाजांच्या दोरखंडांत आहे, ग्रीनिचच्या म्हाताऱ्या निवृत्त खलाशांच्या घशात आहे, डेकवर कुडकुडणाऱ्या उमेदवार पोराच्या बोटांत आहे. परंतु पहिला परिच्छेद कोण वाचतो? तेथे धुके नाही, धूर आहे. धुराड्यांतून खाली उतरणारा धूर, आणि हिमाच्या पाकळ्यांएवढे काजळीचे पुंजके. आधी धूर, मग धुके, आणि मग धुक्याच्या गाभ्यात बसलेला लॉर्ड चॅन्सेलर : हा क्रम डिकन्सने मांडलेला आहे. तो म्हणजे एक कारणमालिका आहे. चॅन्सरीचे न्यायालय संभ्रमात सापडलेले नाही. जार्न्डिस खटल्यात वकील, कारकून, दस्तऐवज लिहिणारे यांच्यापैकी कोणालाही संभ्रम नाही. त्यांचा चरितार्थ त्या खटल्यावर चालतो, आणि शेवटी सगळी मिळकत खटल्याच्या खर्चात संपल्यावरच खटला संपतो. संभ्रमात आहेत ते पक्षकार. धुके उत्पादन करणारे आणि धुके श्वासात घेणारे, असे दोन वर्ग या कादंबरीत आहेत. 'प्रतीक' म्हटल्याने ते दोन्ही एका ढगात मिसळतात. आणखी एक बारीक जागा : एस्थर लंडनला प्रथम येते तेव्हा रस्त्यावरचा दाट, तपकिरी धूर पाहून कोठे आग लागली आहे का, असे विचारते. तिला घ्यायला आलेला वकिलाचा कारकून गपी हसून सांगतो की हे 'लंडन पर्टिक्युलर' आहे, म्हणजे धुके. 'लंडन पर्टिक्युलर' हे मुळात मदिरा जातीच्या एका मद्याचे नाव. नवख्या मुलीला जे आगीसारखे दिसते, त्याला वकिलाचा माणूस हवामानाचे नाव देतो, तेही कौतुकाचे. एका शब्दाचा पर्याय दुसरा शब्द होणे म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही. आणि तो कोशात नाही, कादंबरीत आहे.

यावर कोणी म्हणेल की तुम्ही मृत रूपकात प्राण फुंकत आहात. इंग्रज माणूस 'मला यातले फॉगिएस्टही ठाऊक नाही' अशा अर्थाचे बोलतो तेव्हा त्याच्या मनात कोळसा नसतो. मान्य आहे. मम्मटाच्या भाषेत ही रूढीने आलेली लक्षणा. तिला प्रयोजन विचारू नये. परंतु रूढी आणि प्रयोजन यांतील सीमा शब्दागणिक ठरत नाही, प्रयोगागणिक ठरते. गप्पांत रूढ असलेली लक्षणा कादंबरीत, आणि त्याहून अधिक सरकारी निवेदनात, पुन्हा सप्रयोजन होते. लेकॉफ आणि जॉन्सन यांच्या १९८०च्या ग्रंथापासून 'समजणे म्हणजे पाहणे' हे सूत्र आपल्याकडेही पुष्कळ चालले. त्याने 'फॉग'चा अर्थ 'न समजणे' असा का होतो ते कळते. पण काळोख, पडदा, डोळ्यांवरची पट्टी आणि धुके यांनी दिसेनासे होण्यात जो फरक आहे तो त्या सूत्राला कळत नाही. पट्टी कोणीतरी बांधते.

ऑस्कर वाइल्डचा युक्तिवाद या सर्वांहून चतुर, म्हणून अधिक घातक. १८८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'द डिके ऑफ लाइंग' या संवादात त्याने असे प्रतिपादन केले की लंडनमध्ये धुके शतकानुशतके असेल, पण चित्रकारांनी आणि कवींनी दाखवीपर्यंत ते कोणी पाहिले नव्हते. म्हणून एका अर्थाने ते नव्हतेच. चिन्हव्यवस्थेच्या बाहेर काही नाही असे म्हणणाऱ्या आजच्या पंडितांना हा पूर्वज फार प्रिय आहे. परंतु ज्याला 'पाहिले' म्हणतात ते फक्त डोळ्यांनीच व्हावे लागते काय? डिसेंबर १८७३ मध्ये लंडनच्या प्रसिद्ध गुरांच्या प्रदर्शनातील जनावरे धुक्यात गुदमरून मेली. १८८०च्या आरंभी शहरातील मृत्यू धुक्याच्या दिवसांत एकदम वाढले आणि त्याच वर्षी रोलो रसेल याने 'लंडन फॉग्ज' ही पुस्तिका लिहिली. गुरांनी इम्प्रेशनिस्टांची चित्रे पाहिलेली नव्हती. वाइल्डने त्याच संवादात असंस्कृतांना धुक्याने होणाऱ्या सर्दीची थट्टाही केली आहे. म्हणजे त्याला ठाऊक होते. ठाऊक असूनही त्याने ते विनोदात बसवले, यात त्याची प्रतिभा आहे आणि त्याचा वर्गही. आणि मोने? १८९९ ते १९०१ या काळात तो लंडनला येऊन ते धुके रंगवीत राहिला. वॉटर्लू आणि चेरिंग क्रॉस हे पूल त्याने सॅव्हॉय हॉटेलातून रंगवले. पार्लमेंटची चित्रे मात्र नदीपलीकडच्या सेंट टॉमस रुग्णालयाच्या आवारातून. त्या चित्रांचे सौंदर्य आम्ही नाकारत नाही. ती रुग्णालयातून रंगवली गेली, एवढे त्यांच्याखाली लिहिलेले असावे असे मात्र वाटते.

कॉनरॅडचे प्रकरण गुंतागुंतीचे आहे, कारण तेथे 'फॉग' आणि 'हेज' शेजारी शेजारी आहेत आणि दोघांची कामे भिन्न आहेत. 'हार्ट ऑफ डार्कनेस'च्या (१८९९) आरंभी निवेदक सांगतो की मार्लोच्या दृष्टीने गोष्टीचा अर्थ गाभ्यात नसून भोवताली असतो, आणि तेथे उपमा येते ती 'हेज'ची. प्रकाश आतून आला की ती दृश्यमान होते. पुढे नदीवर, हल्ल्याच्या आधीच्या सकाळी, येते ते पांढरे 'फॉग'. त्यातून प्रकाश जात नाही, फक्त आक्रोश ऐकू येतो. 'हेज' अर्थ दाखवते, 'फॉग' माणसे लपवते. ई. एम. फॉर्स्टरला कॉनरॅड कडेलाच नव्हे, मध्यभागीही धूसर वाटला. लीव्हिसला त्याच्या विशेषणांचा जाच झाला. दोघांनीही हा शैलीचा दोष मानला. चिनुआ अचेबे याने १९७५च्या आपल्या व्याख्यानात तो नीतीचा प्रश्न केला. अवर्णनीय, अगम्य, गूढ अशा शब्दांच्या सततच्या माऱ्याने वाचकाला गुंगी आणली जाते, आणि त्या गुंगीत काँगोतील माणसे माणसे राहत नाहीत, हा त्याचा आरोप. अचेबेचे सर्व निष्कर्ष आम्हांला मान्य नाहीत. लिओपोल्डच्या काँगोतील लुटीचा दाहक अनुभव त्या कादंबरीत नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु त्याचा प्रश्न योग्य होता : हे धुके कोण निर्माण करतो आहे? आपल्याकडील विद्यार्थी अजूनही तेथे 'अस्तित्वाची अनाकलनीयता' असे लिहितो.

एलियटच्या प्रूफ्रॉकवर थोडक्यात. १९१५च्या त्या कवितेत मांजरासारखे वागणाऱ्या वस्तूला एका ओळीत 'फॉग' म्हटले आहे आणि लगेच पुढच्या ओळीत 'स्मोक'. दोन्ही पिवळे. वरवर पाहता हा पर्यायशब्दांचाच खेळ, पण कवीने समानार्थी म्हणून शेजारी ठेवले आहेत ते कोशातल्या शेजाऱ्यांना नव्हे. त्याने धुक्याशेजारी त्याचे कारण ठेवले आहे. एलियटचे बालपण सेंट लुईसमध्ये, कोळशाच्या धुराच्या शहरात गेले होते.

जे काम कवीने दोन ओळींत केले ते १९०५ मध्ये एका डॉक्टराने एका शब्दात केले. कोळशाच्या धुराविरुद्ध चळवळ करणाऱ्या लंडनच्या संस्थेचे डॉ. दे व्हो यांनी 'स्मोक' आणि 'फॉग' यांचा सांधा करून 'स्मॉग' हा शब्द प्रचारात आणला. सोस्यूरचे अनुयायी म्हणतील, पाहा, नवे चिन्ह आले आणि जुन्याचे मूल्य आकुंचित झाले. भाषा भेदांनीच चालते. बरोबर. पण ते चिन्ह व्यवस्थेच्या पोटातून आले नाही, फुप्फुसांतून आले. आणि आल्यावरही त्याला मान्यता मिळायला किंमत द्यावी लागली. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत, रॉजे आणि डिकन्स यांना बरोबर शंभर वर्षे होत असताना, लंडनवर ते उतरले. सॅडलर्स वेल्समध्ये चाललेला ऑपेरा प्रेक्षागृहात धुके शिरल्यामुळे थांबवावा लागला. प्रदर्शनातील गुरे पुन्हा मेली. त्या वेळचा मृत्यूंचा अंदाज सुमारे ४,००० होता. नंतरच्या अभ्यासांनी तो १२,०००च्या आसपास नेला. पुढील महिन्यांतही चढे राहिलेले मृत्यू सरकारी अहवालाने इन्फ्लुएन्झाच्या खाती टाकले. एका कर्त्याऐवजी दुसरा, निरुपद्रवी कर्ता. १९५६ मध्ये शुद्ध हवेचा कायदा झाला. एका शब्दाने कायदा झाला असे आम्ही म्हणत नाही. पण नुसत्या 'फॉग'विरुद्ध कायदा करता येत नाही, हे उघड आहे.

युद्धाच्या धुक्याची कथा याच्या उलट दिशेने जाते. क्लाऊझेविट्झच्या १८३२च्या मरणोत्तर ग्रंथात युद्धातील अनिश्चिततेसाठी 'नेबेल', म्हणजे धुके, येते. सेनापतीला काय ठाऊक नसते याविषयीचे ते निरीक्षण आहे. इंग्रजीत 'फॉग ऑफ वॉर' हा घट्ट वाक्प्रचार झाल्यावर त्याचा उपयोग बदलला. व्हिएतनामच्या काळातील अमेरिकन संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांच्यावरील एरल मॉरिसच्या २००३च्या माहितीपटाचे नावच ते आहे. ४ ऑगस्ट १९६४चा टॉन्किनच्या आखातातील जो हल्ला झालाच नव्हता, त्याच्या आधारे युद्ध वाढवले गेले. त्यात रडारचा संभ्रम होता हे खरे. पण तो संभ्रम ज्या तत्परतेने उपयोगात आणला गेला त्या तत्परतेला धुके म्हणत नाहीत. दिग्दर्शकाने शीर्षक बहुधा तिरकसपणेच घेतले असावे. त्यानंतर जो तो सेनानी ते सरळपणे घेत आहे. येथे एक गंमतही नोंदवावी : धूसर राजकीय भाषेवर १९४६ मध्ये प्रखर हल्ला करणाऱ्या ऑर्वेललाही त्या निबंधात हवामानाचाच आधार घ्यावासा वाटला, लॅटिन शब्द वस्तुस्थितीवर हिमासारखे उतरतात, असे त्याने लिहिले. उतरतात! आकाशातून! ज्याने कर्मणी प्रयोगाविरुद्ध नियम सांगितला, त्याची लेखणीही येथे घसरली.

आणि आपण? 'फॉग'च्या लाक्षणिक प्रयोगांना मराठीत सरसकट 'धुके' लिहिणाऱ्या अनुवादकांना एवढेच विचारायचे आहे की मराठीचे धुके कोठले? ते महाबळेश्वरचे आहे, पहाटेच्या माळाचे आहे, आणि शेतकऱ्याचे असेल तर आंब्याचा मोहोर काळा करणारे, द्राक्षांवर रोग आणणारे आहे. ग्रामीण बोलीतली 'धुई' अशाच वेळी चिंतेने उच्चारली जाते. त्याला कोळशाची चव नाही. उलट, दुसऱ्याला दिसू नये अशी व्यवस्था करण्यासाठी मराठीने जो शब्द घडवला तो हवामानाचा नाहीच : धूळफेक. फेक म्हटले की फेकणारा आला. इंग्रजीतही 'स्मोकस्क्रीन' आहे, आणि तो उभारणारा हातही त्या शब्दात दिसतो. पण पर्यायकोशात तो 'फॉग'च्या शेजारी निमूटपणे बसलेला असतो. एखाद्या मंत्र्याच्या किंवा सेनानीच्या 'फॉग'चे भाषांतर 'धूळफेक' असे केले तर कोशवादी ते चूक ठरवतील. आमच्या मते अशा कित्येक ठिकाणी तेच अचूक आहे. 'स्मॉग'साठी आपल्याकडे 'धुरके' हा अतिशय नेटका शब्द तयार आहे. तो हाताशी असताना मुंबईच्या हिवाळ्यातील करड्या हवेला वृत्तपत्रे 'धुक्याची दुलई' म्हणतात, तेव्हा गपीची आठवण होते.

राहता राहिला 'ब्लीक हाऊस'च्या अनुवादाचा प्रश्न. वरील सर्व विवेचनावरून कोणी असे समजेल की तेथे आम्ही 'धुरके' लिहू. लिहिणार नाही. डिकन्सच्या हाती तो शब्द नव्हता. त्याच्या गद्याची सारी शक्ती एका निरपराध दिसणाऱ्या शब्दाला पानभर फिरवून शेवटी न्यायासनापाशी नेऊन उभे करण्यात आहे. 'धुरके' म्हटले की गुन्हा पहिल्याच ओळीत उघड होतो आणि तो प्रवास संपतो. तेथे 'धुके'च हवे, आणि त्याच्या आधीच्या परिच्छेदातील काजळीचा एकही पुंजका गाळता कामा नये.